टेकन ८ : लाल रँकमध्ये अडकलोय, इथून पुढे कसं सरकायचं?

वांगीभात | शुक्र., रात्री ११:२०

मंडळी, इथे गेमिंगवर फारसं कुणी लिहीत नाही. पण मागे एका पीसी बिल्डच्या धाग्यावर दोन-तीन टेकनवाले दिसले होते, म्हणून हा प्रपंच.

टेकन ८ (एकास-एक मारामारीचा गेम) खेळतो, ब्रायन हे कॅरेक्टर घेऊन. पिवळे-केशरी रँक भराभर पार झाले आणि गार्यूला (लाल रँकची पहिली पायरी) येऊन गाडी रुतली. मध्येच शिनर्यू (पुढची पायरी) होतो, दोन दिवसांत परत गार्यू. ऑफिसमधून आलं, जेवलं की रँक्ड (रँक ठरवणाऱ्या ऑनलाइन मॅच) लावायचं, असा रोजचा क्रम आहे. प्रॅक्टिस मोडही करतो, म्हणजे मुख्यतः कॉम्बो (एकामागोमाग बसणारे फटके) घोटतो. भिंतीपर्यंत नेणारा कॉम्बो आता डोळे मिटून बसतो, पण मॅचमध्ये तो लावायची वेळच येत नाही. त्याआधी समोरचाच मला हवेत उडवतो.

वय ३४. रिफ्लेक्स गेले असं समजायचं का? पॅड सोडून लीव्हरलेस (दांडीऐवजी नुसती बटणं असलेला कंट्रोलर) घ्यावा का? ब्रायन अवघड आहे म्हणतात, तर कॅरेक्टर बदलू? "खेळत राहा, आपोआप जमेल" हे ऐकून झालंय. ज्यांना सामान्यातून बऱ्यापैकी खेळाडू होणं जमलं, त्यांनी नक्की काय बदललं ते सांगा.

सायलेन्सर | शुक्र., रात्री ११:३१

रुमाल टाकून ठेवतो. मी केशरीतच आहे, तुमचं दुःख मला चैनीचं वाटतंय.

निवांत_पोपट | शुक्र., रात्री ११:५२

वयाचं तेवढं काढू नका बुवा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. स्ट्रीट फायटरवाला जपानी दाइगो उमेहारा १९८१ चा जन्म, अजून व्यावसायिक खेळतोय. माणसाला डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग). टेकनमधला जॅब, म्हणजे साधा झटपट ठोसा, १० फ्रेमचा. तो विशीतल्या पोरालाही "बघून" अडवता येत नाही. तेव्हा यातलं बरंचसं काम रिफ्लेक्सचं नाहीच, अंदाजाचं आहे.

चौथा_गिअर | शनि., सकाळी ८:०५

लीव्हरलेसबद्दल. मी घेतला. बोटं कमी दुखतात आणि मागे सरकणं (कोरियन बॅकडॅश हो, मागे-मागे-मग खाली-मागे) स्वच्छ निघतं. रँक मात्र वाढला नाही, उलट सवय होईपर्यंत दोन पायऱ्या खाली गेलो. तेवढे पैसे असतील तर आधी राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल ओढा. वायफायचं चिन्ह दिसलं की बरेच जण तुमची मॅच नाकारतात आणि ते बरोबरच करतात. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू आहे का तेही बघा. नी (नावाजलेला कोरियन टेकन खेळाडू) अजून आर्केड स्टिकवर खेळतो, कित्येक जण साध्या पॅडवर खेळतात. पाकिटात हात घालून हा प्रश्न सुटायचा नाही.

किंगवाला | शनि., सकाळी १०:४०

वांगीभात, चहा घेऊन बसा, मोठा प्रतिसाद आहे.

कॉम्बो हा सुरुवातीला सगळ्यांचा लाडका, कारण तो एकट्याने घोटता येतो आणि स्क्रीनवर झकास दिसतो. पण तुम्हीच लिहिलंय की तो लावायची वेळ येत नाही. मग वेळ कशी येते ते शिकायला हवं. लाल रँकपर्यंत माणूस स्वतःच्या माऱ्यावर येतो. तिथून पुढे समोरच्याचा मारा किती ओळखीचा आहे, यावर सगळं ठरतं. माझं ठाम मत आहे की गार्यूला अडकलेल्या दहा माणसांपैकी नऊ बचावात अडकलेली असतात, आणि ती सगळी कॉम्बो घोटत बसलेली असतात.

फ्रेमचं गणित ज्यांना नको वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो. कुठलाही फटका ब्लॉक झाला की दोघांपैकी एक जण आधी मोकळा होतो. उणे १३ म्हणजे मारणारा तुमच्यापेक्षा १३ फ्रेम उशिरा मोकळा होणार. तुमचा जॅब १० फ्रेमचा, म्हणजे उणे १० किंवा त्याहून वाईट फटका तुम्ही ब्लॉक केला आणि हात पोचत असेल तर जॅब बसलाच. त्याला काही करता येत नाही. बऱ्याच कॅरेक्टरांची हॉपकिक (उडी मारून हवेत उडवणारी लाथ) ब्लॉक झाली की उणे १३ असते. लाल रँकमध्ये लोक ती बिनधास्त मारतात, कारण समोरचा ब्लॉक करून नुसता उभा राहतो! रेज आर्ट (जीव संपत आला की मिळणारा मोठा फटका) उणे १५, म्हणजे ती अडवली की लॉंचरसुद्धा (हवेत उडवणारा फटका) बसतो. आणि तुमच्या ब्रायनची स्नेक एज. साधारण अर्ध्या सेकंदाची लो (खाली बसून अडवायचा फटका) आहे ती. केशरीत हमखास खपते, लाल रँकमध्ये अर्धे लोक बघून अडवतात आणि पुढे तुम्ही हवेत.

तर पहिलं काम. ब्रायनकडे १० फ्रेमला कोणती शिक्षा आहे, १२ ला कोणती, १५ ला कोणती, आणि खाली बसून लो अडवल्यावर उठताना कोणती, एवढंच पाठ करा. पाढ्यांसारखं, विचार न करता हात गेला पाहिजे. प्रॅक्टिसमध्ये पनिशमेंट ट्रेनिंग म्हणून वेगळा मोड दिलाय, तो फार कुणी उघडत नाही. रोज रँक्डच्या आधी तिथे थोडा वेळ काढा आणि कॉम्बोला महिनाभर सुट्टी द्या.

दुसरं, पाळी कुणाची हे कळणं. साधा जॅब ब्लॉक झाला तरी मारणारा अधिक १ असतो. त्याचा जॅब अडवून तुम्ही लगेच जॅब मारलात आणि त्यानेही मारला, तर दर वेळी त्याचाच आधी लागणार. तुम्हाला वाटतं लॅग आहे! हीट बर्स्टचंही (हीट अवस्था सुरू करणारा फटका) तेच, ब्लॉक झाला तरी पाळी त्याचीच. अशा वेळी बटण दाबायचं नाही. अडवा, बाजूला सरका, किंवा जॅब येणार अशी खात्री असेल तर खाली बसा. लाल रँकमधली निम्मी आरडाओरड "माझं बटण का लागलं नाही" याचीच असते.

तिसरं, हत्यारं कमी करा. एकेका कॅरेक्टरचे शंभरावर मूव्ह असतात, मॅचमध्ये वरचे खेळाडू पुन्हा पुन्हा वापरतात ते दहा-पंधरा. जॅब, एक वेगवान मिड (खाली बसलेल्यालाही लागणारा फटका), एक लांब पोचणारा मिड, एक सुरक्षित लो, एक काउंटर हिटसाठी (समोरचा मारत असतानाच बसणारा). टॉंट-जेट अप्परचा (ब्रायनचा अवघड डाव) नाद सध्या सोडा. ब्रायनवाल्यांना ती खाज असते, माहीत आहे.

कॅरेक्टर अजिबात बदलू नका. बदललं की पुन्हा स्वतःचाच मारा शिकण्यात सहा महिने जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

एक सांगा, शेवटच्या हरलेल्या मॅचचे रीप्ले कधी बघितलेत का?

वांगीभात | शनि., सकाळी ११:१५

दंडवत घ्या. रीप्ले कधी उघडलेच नाहीत. आज दुपारी बसतो.

आजोबांचा_रिमोट | शनि., दुपारी १२:३०

आमच्या वेळी फ्रेम-बिम काही नव्हतं. टेकन ३, व्हिडिओ गेम पार्लर, तासाचे पैसे मोजायचे आणि एडी गोर्डो घेऊन दोन्ही लाथांची बटणं बडवायची. पार्लरवाला ओरडायचा, "कंट्रोलर तुटला तर भरून देणार का?" आख्ख्या गल्लीत एडीवाल्याशी कुणी खेळायचं नाही.

सायलेन्सर | शनि., दुपारी १२:४१

आजोबा, एडी टेकन ८ मध्येही आलाय, २०२४ च्या एप्रिलपासून. लोक अजून तेच करतात.

किंगवाला | शनि., दुपारी १२:५०

अवांतर वाटलं तरी आजोबांचा एडी हेच उत्तम उदाहरण आहे. बटणं बडवणारा एडी जिंकायचा, कारण समोरच्याला कुठला फटका वरून येतो, कुठला खालून, आणि कुठे मध्ये घुसायचं, हे माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो त्याला आरामात धुवायचा. लाल रँकमधला लॉ, ह्वोरांग, एडी हे त्याच जातीचं दुखणं आहे.

मनमाड_जंक्शन | शनि., दुपारी ३:१०

किंगवाला यांच्याशी अर्धाच सहमत. प्रॅक्टिस मोडमध्ये फ्रेम पाठ करून कुणी मोठा झालेला मी तरी पाहिला नाही. माणसं लागतात, तीही शेजारी बसलेली.

लाहोरचं बघा. टेकन ७ जपानमध्ये आर्केडला आला मार्च २०१५ मध्ये, घरच्या कन्सोलवर आला जून २०१७ मध्ये. जपान-कोरियावाल्यांना दोन वर्षांचा सराव आधीच मिळाला होता. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये फुकुओकाला एव्हो जपान (मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा) झाली तेव्हा कुणी नावही न ऐकलेला लाहोरचा अर्सलान ॲश, विमान-व्हिसाच्या भानगडीतून कसाबसा पोचला आणि जिंकूनच बाहेर पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासची एव्हो, फायनलला समोर नी, तीही घेतली. त्याने तेव्हाच सांगितलं होतं की घरी आपल्यासारखे आणखी बरेच आहेत. लोकांना थाप वाटली. मग अवैस हनी, आतिफ बट अशी एकेक नावं बाहेर पडू लागली.

त्यांच्याकडे काय होतं? दुकानात रोज येणारी तीच वीस-पंचवीस माणसं. हरलं की उठायचं आणि मागे उभं राहून बघायचं. तुमची एकच चाल दुसऱ्या दिवशी कुणावर चालत नाही, कारण सगळ्यांनी रात्रभर तीच चघळलेली असते. ऑनलाइनवर अनोळखी माणसाशी दोन-तीन मॅच खेळून तो निघून जातो. तुमची खोड काढायला त्याला वेळच नसतो आणि तुम्हालाही कळत नाही की ती खोड आहे.

किंगवाला | शनि., दुपारी ३:४५

लाहोर मान्य. पण त्या दुकानात मागे उभं राहून जे चालायचं ते म्हणजे प्रॅक्टिस मोडच की. "याची तिसरी लाथ वरून येते, बस खाली," असं कुणीतरी कानात सांगायचं. वांगीभात यांच्या घरी ते सांगायला कुणी नाही, म्हणून रीप्ले आणि पनिशमेंट मोड. त्यांना आठवड्यातून पाच रात्री खेळणारी वीस माणसं आणून द्या, मी माझा प्रतिसाद मागे घेतो.

मनमाड_जंक्शन | शनि., दुपारी ३:५८

नुसती ओळख पुरत नाही हो. ओळखलेलं असूनही ऐन वेळी हात थिजतो. ते फक्त तोच माणूस, तेच दडपण, पुन्हा पुन्हा, यानेच जातं.

किंगवाला | शनि., दुपारी ४:०६

हे बरोबर. यावर वाद नाही.

निवांत_पोपट | शनि., दुपारी ४:१०

धाग्याचं काश्मीर होता होता राहिलं. 😄

वांगीभात | शनि., संध्या. ७:३५

रीप्ले बघितले. काही गोष्टी लिहून काढल्या, त्या इथे टाकतो.

रीप्ले चालू असताना गेम स्वतःच मध्ये सूचना दाखवतो, इथे अमुक फटका मारता आला असता म्हणून. शिवाय त्या क्षणाला कंट्रोल हातात घेऊन तोच प्रसंग परत खेळता येतो. गेम घेऊन एवढा काळ झाला, हे आज कळलं.

हरलेल्या मॅचमध्ये मी कॉम्बो टाकल्यामुळे हरलोय असं एकदाही दिसलं नाही. ह्वोरांगवाला एक स्ट्रिंग (ठरलेल्या सलग फटक्यांची माळ) मारतो, मी सगळी ब्लॉक करतो, मग तो पुन्हा तीच. राउंड संपेपर्यंत हेच. एका काझुयावाल्याने माझ्यावर सारखी हेलस्वीप (पायांवर फिरवलेली लाथ) मारली, दोनदा अडवली गेली आणि दोन्ही वेळा मी जॅब मारला. सूचना सांगत होती की तिथे लॉंच होता. आणि स्नेक एज तर बोलायला नको.

आता प्रश्न असा की हे सगळं शिकायचं कसं? सुरुवातीलाच ३२ कॅरेक्टर होती, वर डीएलसीची (नंतर आलेल्या जादा कॅरेक्टरांची) भर. प्रत्येकाचे शंभर मूव्ह. नोकरी सोडू का?

रेवाकाठ | शनि., रात्री ९:२०

नोकरी सोडू नका. 🙂 मी नागपूरची, आता बंगळुरूला, तेन्र्यूवरून (लाल रँकची शेवटची पायरी) जांभळ्यात गेले ते एका वहीमुळे. प्रत्येक कॅरेक्टरला एकच पान. ज्याच्याकडून हरले त्याचं पान उघडायचं आणि ज्या फटक्याने सगळ्यात जास्त छळलं तो एकच लिहायचा. मग प्रॅक्टिसमध्ये जाऊन ते कॅरेक्टर डमीला द्यायचं, तोच फटका करायला लावायचा आणि तीन गोष्टी बघायच्या: कुठे खाली बसता येतं, बाजूला सरकून टळतो का, अडवल्यावर काय बसतं. फ्रेमचे आकडे प्रॅक्टिसमध्ये स्क्रीनवरच दिसतात. हे झालं की वही बंद. पाच-सात मिनिटांचं काम आहे. एका पानावर चार-पाच ओळी झाल्या की त्या रँकपुरतं ते कॅरेक्टर पुरतं, कारण लाल रँकमधला माणूस तेच चार-पाच फटके मारत असतो.

काझुयाचं माझं पान सांगते. इलेक्ट्रिक (काझुयाचा विजेचा ठोसा) अडवली तर तो अधिक ५, तेव्हा हात बांधून उभं राहायचं. पण इलेक्ट्रिक हाय आहे, खाली बसलं की डोक्यावरून जाते आणि तो उघडा पडतो. हेलस्वीप लो. ती अडवली की उठता उठता लॉंच, जॅब नाही. आता हेलस्वीपच्या भीतीने तुम्ही खाली बसायला लागलात की तो मिड मारणार, म्हणजे अंदाजाचा खेळ आहेच. फरक एवढाच, की तुमचा अंदाज बरोबर आला त्या वेळी त्याला पूर्ण किंमत मोजावी लागली पाहिजे. तुम्ही जॅब मारून सोडून देत असाल तर तो हेलस्वीप का थांबवेल?

अजून एक. रँक्डमध्ये रँकची काळजी असते, त्यामुळे नवीन शिकलेलं हाताला येतच नाही, जुनंच येतं. मी आठवड्यातले दोन दिवस रँक्ड लावतच नाही. एकाच मैत्रिणीशी पहिल्या दहा विजयांपर्यंत खेळते. तिसऱ्या-चौथ्या मॅचला ती माझी खोड पकडते, मग मला बदलावंच लागतं. मनमाड_जंक्शन म्हणतात ते लाहोर घरबसल्या एवढंच जमतं.

(आणि मॅच हरल्यावर घाणेरडे मेसेज पाठवणाऱ्यांसाठी: मेसेज बंद करायची सोय आहे, मी ती पहिल्याच आठवड्यात वापरली. बायकांनी नावावरून कळेल असा आयडी ठेवावा की नाही हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

सायलेन्सर | शनि., रात्री ९:३३

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). ताई, तुमच्या वहीचे फोटो टाका.

रेवाकाठ | शनि., रात्री ९:४०

अक्षर बघून गेम सोडाल. आणि दुसऱ्याची वही कामाची नाही. मला छळणारा फटका तुम्हाला छळत नसेल.

ओसाकाकर | रवि., पहाटे ५:१०

इकडून थोडी भर. टेकन ८ आर्केडला आलाच नाही, त्यामुळे इथेही गेम सेंटरमध्ये टेकनचे पूर्वीसारखे कोंडाळे दिसत नाहीत. लोक घरून खेळतात. मला वरच्या रँकच्या एका जपानी सहकाऱ्याने दिलेला सल्ला: राउंड हरल्यावर "त्याने काय केलं" असं विचारू नकोस, "मी दर वेळी काय करतो" ते विचार. मी खाली पडलो की दर वेळी लगेच उठताना लाथ मारायचो. त्याने ते दोन मिनिटांत हेरलं आणि मग मी उठायचो तेव्हा तो फक्त थांबायचा, ब्लॉक करायचा आणि लॉंच करायचा. पडल्यावर काहीच न करणं, बाजूला लोळणं, उशिरा उठणं, हे फुकटचे पर्याय आहेत आणि लाल रँकमध्ये ते कुणी वापरत नाही.

भिंतीचंही तसंच. पाठ भिंतीला टेकली की घाबरून पॉवर क्रश (मार सोसत मारायचा, आर्मर असलेला फटका). आर्मरवर हाय आणि मिड खपतात, लो आणि थ्रो (पकडून आपटणं) नाही. जाणता माणूस तिथे थ्रोच करतो.

वांगीभात | रवि., सकाळी ९:५०

थ्रोचं बरं काढलंत. किंगवाला, तुमच्याच माणसाबद्दल विचारतो, राग मानू नका. किंग (कुस्तीवाला कॅरेक्टर) समोर आला की मी गेलोच. जायंट स्विंग, धावत येऊन काहीतरी, साखळीने पुढचं काहीतरी. थ्रो तोडायला काय बघायचं?

किंगवाला | रवि., सकाळी १०:२५

राग कसला, आमची रोजीरोटी आहे ती.

साधे थ्रो डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही ठोशाच्या बटणाने सुटतात. खास थ्रोला हात बघायचे. डावा हात पुढे आला तर १ (डाव्या ठोशाचं बटण), उजवा आला तर २ (उजव्या ठोशाचं), दोन्ही आले तर दोन्ही एकदम. चेहरा, धड, पाय काही बघू नका, नजर खांद्याच्या रेषेवर. प्रॅक्टिसमध्ये किंग डमी ठेवा, तीन वेगवेगळे थ्रो रेकॉर्ड करा आणि कुठला येईल ते गेमलाच ठरवू द्या. सुरुवातीला फक्त "दोन्ही हात की एक" एवढंच ओळखायचा सराव करा, डावं-उजवं नंतर. एकदम तिन्ही ओळखायला गेलं की डोकं भणाणतं आणि लोक दोन दिवसांत सोडून देतात.

साखळीतले पुढचे थ्रो सध्या विसरा. पहिला तुटला तर साखळी सुरूच होत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: किंगचे उभे थ्रो बहुतेक हाय आहेत. जायंट स्विंगसुद्धा. तुम्ही खाली बसलात की तो हवेला मिठी मारतो आणि तुम्हाला उठता उठता लॉंच मिळतो. मी स्वतः समोरचा दोनदा खाली बसला की थ्रो बंद करून मिडवर येतो. तेव्हा दोनदा बसून दाखवा, तिसऱ्यांदा उभे राहा.

मनमाड_जंक्शन | रवि., सकाळी १०:४०

किंगवाल्याने स्वतःचंच दुकान बंद केलं राव. आता वांगीभात, हे वाचून पुरणार नाही. मी आज रात्री साडेनऊला रूम उघडतोय. किंगवाला, तुम्ही या आणि यांना फक्त थ्रो करा, बाकी काही नाही. जो हरेल तो बाहेर बसून बघेल.

किंगवाला | रवि., सकाळी १०:४४

येतो. पहिल्या दहापर्यंत. माझं नेट पावसात जरा कुरकुरतं, केबल लावूनही. लॅग वाटला तर लगेच सांगा, उगाच चुकीची सवय लागायला नको.

रेवाकाठ | रवि., सकाळी ११:०२

मीही आहे. काझुया घेऊन येते, हेलस्वीपवर जॅब मारलात तर तिथेच ओरडेन.

वांगीभात | रवि., सकाळी ११:१०

रूमचा पासवर्ड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साडेनऊ नको, दहा करा, पोरगी साडेनऊला झोपते.